अमेरिकेत आईबाबांसाठी नर्सिंग होम निवडताय? सही करायच्या आधी त्यांचं रेकॉर्ड कसं तपासायचं

हॉस्पिटलमधली डिस्चार्ज प्लॅनर हातात यादी देते आणि सांगते, बाबांना उद्या-परवा सोडणार आहेत पण एकदम घरी नाही नेता येणार, काही आठवडे नर्सिंग होममध्ये रिहॅब लागेल, तर यातली दोन-तीन नावं कळवा. यादीत पंधरा-वीस नावं, सगळ्यांच्या वेबसाइटवर हसरे आजी-आजोबा, आणि आपल्याला कशातलं काही माहीत नाही. मग घराजवळ आहे म्हणून किंवा ओळखीतल्या कोणाची सासू तिथे होती म्हणून एक नाव ठरतं. इतकी घाई करायची खरंच गरज नाहीये, कारण इथे मेडिकेअर (मुख्यतः ६५ वर्षांवरच्यांचा सरकारी आरोग्य विमा) किंवा मेडिकेड (कमी उत्पन्न असलेल्यांचा) यांचे पैसे घेणाऱ्या प्रत्येक नर्सिंग होमचं इन्स्पेक्शन, स्टाफ, दंड सगळं सरकारी साइटवर फुकट बघायला मिळतं. अशी साधारण पंधरा हजार नर्सिंग होम्स आहेत देशात, आणि त्यांना लागू असलेले बरेचसे नियम १९८७ च्या नर्सिंग होम रिफॉर्म अ‍ॅक्टमधून आलेत. माहिती भरपूर आहे, फक्त कुठली खरी कामाची आणि कुठली वरवरची हे कळायला हवं, म्हणून हे एवढं सविस्तर लिहितेय.

आधी दोन गोष्टी स्पष्ट करून घ्या

पहिली, तुम्हाला नक्की काय हवंय. हिप फ्रॅक्चर किंवा स्ट्रोकनंतर काही आठवड्यांचं रिहॅब असेल तर ते शॉर्ट स्टे, आणि आई आता कायमची तिथेच राहणार असेल तर लाँग स्टे. एकच बिल्डिंग एका कामात चांगली आणि दुसऱ्यात सुमार असू शकते, साइटवर दोन्हींचे आकडे वेगळे दिलेले असतात, आपल्याला लागू असलेलेच बघायचे. पैशांचंही इथेच समजून घ्या. ओरिजिनल मेडिकेअर हॉस्पिटलमध्ये सलग तीन दिवस इनपेशंट (रीतसर भरती) म्हणून राहिल्यावरच स्किल्ड नर्सिंगचे, म्हणजे नर्स किंवा थेरपिस्टने द्यायच्या केअरचे, पैसे देतं (ऑब्झर्वेशनमधले, म्हणजे भरती न करता नुसतं देखरेखीखाली ठेवलेले दिवस धरत नाहीत, हे हॉस्पिटलमध्ये असतानाच विचारून घ्या), तेही एका बेनिफिट पीरियडमध्ये (मेडिकेअर ज्या कालावधीने हिशोब करतं तो) जास्तीत जास्त १०० दिवस, त्यातले पहिले २० पूर्ण आणि पुढच्या प्रत्येक दिवसाला आपला हिस्सा. कायमचं राहणं मेडिकेअरमध्ये येतच नाही. मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेज (खासगी कंपनीमार्फत घेतलेलं मेडिकेअर) असेल तर नियम आणि नेटवर्क वेगळं, आधी प्लॅनला फोन करा.

दुसरी, असिस्टेड लिव्हिंग (रोजच्या कामांत मदत मिळणारी राहायची जागा) म्हणजे नर्सिंग होम नाही. त्यांच्यावर फेडरल (केंद्र सरकारचं) इन्स्पेक्शन नसतं, जे काही असतं ते राज्याचं, त्यामुळे खाली जे सांगतेय ते तारे आणि रिपोर्ट त्यांचे मिळणार नाहीत. एकाच कॅम्पसमध्ये दोन्ही असतात आणि ब्रोशर एकच असतं, तेव्हा आपल्याला दाखवलेली सुंदर खोली नक्की कुठल्या भागातली आहे ते विचारा.

आणि हॉस्पिटल फार घाई करत असेल तर एक हक्क लक्षात ठेवा. मेडिकेअरच्या इनपेशंट पेशंटला डिस्चार्जविरुद्ध अपील करता येतं, अ‍ॅडमिट झाल्यावर सही घेतात त्या 'इम्पॉर्टंट मेसेज फ्रॉम मेडिकेअर' नावाच्या कागदावर नंबर असतो, डिस्चार्जच्या दिवसापर्यंत फोन केला तर निर्णय येईपर्यंत त्या जादा दिवसांचा बोजा तुमच्यावर येत नाही. शिवाय यादीतलं कुठलं निवडायचं हा हक्क पेशंटचा, हॉस्पिटल एखादंच नाव पुढे रेटू शकत नाही.

पायरी १: तारे बघा, पण ते कसे बनतात ते समजून

मेडिकेअर डॉट गव्हवर 'केअर कंपेअर' म्हणून पान आहे. झिप कोड टाकला की आजूबाजूची नर्सिंग होम्स येतात, प्रत्येकाला एक ते पाच तारे. ही पद्धत २००८ पासून आहे. बहुतेक लोक फक्त वरचा एकूण आकडा बघतात आणि तिथेच थांबतात, त्यामुळे तो आकडा येतो कुठून ते आधी सांगते.

सुरुवात होते हेल्थ इन्स्पेक्शनच्या ताऱ्यांपासून. मग स्टाफिंगला पाच तारे असतील तर एक वाढतो, एकच असेल तर एक कमी होतो. तसंच क्वालिटी मेजर्सचं (जखमा, पडणं, परत हॉस्पिटलमध्ये जाणं असे आकडे). म्हणजे इन्स्पेक्शनमध्ये तीनच तारे मिळालेलं नर्सिंग होम बाकीच्या दोन गोष्टींच्या जोरावर पाचवर पोचू शकतं. आणि त्यातलं क्वालिटी मेजर्सचं खातं बऱ्याच अंशी नर्सिंग होमने स्वतःच भरून दिलेल्या माहितीवर चालतं. म्हणून एकूण ताऱ्यांकडे बघायचंच झालं तर आधी इन्स्पेक्शनचे तारे, मग स्टाफिंगचे, क्वालिटीचे सगळ्यात शेवटी.

अजून एक, इन्स्पेक्शनचे तारे राज्याच्या आत तुलना करून देतात. राज्यातले वरचे १० टक्के म्हणजे पाच तारे, खालचे २० टक्के म्हणजे एक, उरलेले मधल्या तिघांत सारखे वाटलेले. त्यामुळे न्यू जर्सीतले चार आणि टेक्सासमधले चार यांची तुलना करून काही कळत नाही. भाऊ एका राज्यात आणि बहीण दुसऱ्या, आणि आईला कुठे ठेवायचं असा प्रश्न असेल तर तारे बाजूला ठेवा आणि सरळ खालचे रिपोर्ट वाचा.

दोन खुणा दिसल्या तर थांबायचंच. एक, लाल गोलात उघड्या हाताचं चिन्ह. ते अब्यूजबद्दल (छळ, मारहाण वगैरे) ठपका आलेल्या ठिकाणांना लावतात, २०१९ पासून. हे चिन्ह असलं की इन्स्पेक्शनचे तारे दोनच्या वर जात नाहीत, पण एकूण तारे तरीही चारपर्यंत जाऊ शकतात, म्हणजे नुसतं चार बघून खूश झालात तर हे सुटून जाईल. दुसरी, 'स्पेशल फोकस फॅसिलिटी'. वर्षानुवर्षं गंभीर चुका करणारी ठिकाणं या यादीत टाकतात, त्यांचे तारेच दाखवत नाहीत. या यादीसाठी उमेदवार असलेली बरीच मोठी यादी वेगळी असते, तीही सरकारच्या साइटवर निघते, त्यात नाव आहे का ते जरूर बघा.

पायरी २: फॉर्म २५६७ वाचा, सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

माझ्या मते सगळा निर्णय या एका कागदावर बऱ्यापैकी ठरतो, आणि नेमका तोच फार कमी लोक उघडतात. राज्याचे इन्स्पेक्टर न सांगता येतात, दोन इन्स्पेक्शनमध्ये जास्तीत जास्त १५ महिने जाऊ शकतात, शिवाय तक्रार आली तर मध्येही येतात. काय चुकलं ते ज्या फॉर्मवर लिहितात त्याचा नंबर २५६७. केअर कंपेअरवर त्या नर्सिंग होमच्या पानावर इन्स्पेक्शनच्या भागात गेलात की पूर्ण रिपोर्ट उघडता येतो. प्रोपब्लिका या पत्रकारांच्या संस्थेचं 'नर्सिंग होम इन्स्पेक्ट' नावाचं टूल आहे, त्यात शब्द टाकून शोधता येतं, ते जास्त सोपं पडतं. आणि प्रत्यक्ष बिल्डिंगमध्येही ताजा रिपोर्ट कोणाला न मागता वाचता येईल अशा जागी ठेवणं बंधनकारक आहे, मागच्या तीन वर्षांचे मागितले तर दाखवावे लागतात. बहुतेक लॉबीत एक बाइंडर असतो.

रिपोर्टमध्ये प्रत्येक चुकीला एक टॅग नंबर असतो, त्याच्यापुढे एक अक्षर, ए ते एल. हे अक्षर सगळ्यात महत्त्वाचं. ए, बी, सी म्हणजे किरकोळ. डी, ई, एफ म्हणजे प्रत्यक्ष इजा झाली नाही पण होऊ शकली असती. जी, एच, आय म्हणजे कोणालातरी खरोखर इजा झाली. जे, के, एल म्हणजे जिवावर बेतण्याइतका धोका होता. प्रत्येक तिघांतलं पहिलं अक्षर म्हणजे एखाद-दुसऱ्यापुरतं, दुसरं म्हणजे वारंवार, तिसरं म्हणजे सगळीकडे पसरलेलं. तर रिपोर्ट उघडल्यावर आधी जी आणि त्यापुढची अक्षरं शोधा. चुकाच नाहीत असं नर्सिंग होम फार कमी सापडेल, त्यामुळे नुसती संख्या बघून घाबरू नका, पानावर राज्याची सरासरी शेजारीच दिलेली असते, तिच्याशी ताडून बघा.

टॅगमधले हे नंबर लक्षात ठेवले तरी पुष्कळ (यातला एफ हा टॅगचा, वरच्या अक्षरांमधला नाही): एफ ६०० अब्यूज आणि हेळसांड, एफ ६८४ एकूण केअरचा दर्जा, एफ ६८६ बेड सोअर (पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा), एफ ६८९ पडणं आणि अपघात, एफ ७२५ पुरेसा स्टाफ नसणं, एफ ७६० औषधांच्या गंभीर चुका, एफ ८८० इन्फेक्शन कंट्रोल. एफ ६०९ आणि एफ ६१० पण बघा, अब्यूजची घटना वरती कळवली नाही किंवा तिची चौकशी केली नाही यासाठी ते लागतात. एकाने चूक करणं वेगळं आणि मॅनेजमेंटने ती दाबणं वेगळं, मला दुसऱ्याची जास्त भीती वाटते.

आता मजकूर कसा वाचायचा ते एका टॅगवर दाखवते. समजा एफ ६८६ आहे, अक्षर जी. मजकूर बहुतेक वेळा अशा ठरलेल्या वाक्याने सुरू होतो की निरीक्षण, मुलाखती आणि रेकॉर्ड बघून असं आढळलं की. पेशंटचं नाव नसतं, रेसिडेंट ४ असं असतं (रेसिडेंट म्हणजे तिथे राहणारी व्यक्ती), स्टाफलाही सीएनए २ (सीएनए म्हणजे हाताखालची मदतनीस), एलपीएन १ (एलपीएन म्हणजे आरएनच्या खालच्या पातळीची नर्स) असे नंबर. मग गोष्ट उलगडत जाते: रेसिडेंट ४ आली तेव्हा त्वचा ठीक होती, तिला स्वतःहून कूस बदलता येत नव्हती, दर दोन तासांनी वळवायचं असं केअर प्लॅनमध्ये लिहिलं होतं, आठवड्याला एकदा स्किन चेक करायचा होता, चार्टमध्ये मधले दोन आठवडे कोरे, मग अचानक माकडहाडावर स्टेज ३ ची जखम लिहिलेली, डॉक्टरला कळवलं तीन दिवसांनी. आणि मग सीएनएची मुलाखत येते की त्या शिफ्टला मी एकटी होते, सगळ्यांना वळवणं झालंच नाही. हे वाचताना तीन प्रश्न मनात ठेवा. चूक एका माणसाची की सिस्टीमची? घरच्यांना कधी कळवलं? आणि इन्स्पेक्टरने विचारल्यावर डायरेक्टर ऑफ नर्सिंगने (तिथल्या नर्सेसच्या प्रमुखाने) काय उत्तर दिलं? शेवटच्या उत्तरावरून त्या जागेबद्दल खूप कळतं.

मग मागच्या वर्षीचा आणि त्याच्या आधीचा रिपोर्ट उघडा आणि तोच टॅग परत दिसतो का बघा. एकदा डी आला, सुधारलं, परत नाही आला, तर ठीक. पण एफ ६८९ दर वर्षी येतोय आणि दर वेळी 'स्टाफला ट्रेनिंग दिलं' एवढंच उत्तर त्यांच्या सुधारणेच्या प्लॅनमध्ये आहे तर काही बदललेलं नाही असं समजा. वर्षाच्या ठरलेल्या इन्स्पेक्शनपेक्षा तक्रारीवरून झालेल्या इन्स्पेक्शनमध्ये जास्त ठपके असतील तर तेही बघा, कारण त्यातल्या बऱ्याच तक्रारी घरच्यांकडून किंवा स्टाफकडून आलेल्या असतात. त्याच पानावर मागच्या तीन वर्षांतले दंड आणि मेडिकेअरने पैसे थांबवले असतील तर तेही दिसतं.

पायरी ३: स्टाफचे आकडे, विशेषतः शनिवार-रविवारचे

आईला पाणी मिळतं का, डायपर वेळेवर बदलतात का, रात्री बेल वाजवली तर कोणी येतं का, हे सगळं माणसं किती आहेत यावर ठरतं. बिल्डिंग नवी असून उपयोग नाही. स्टाफिंगची माहिती २०१६ पासून पगाराच्या नोंदींवरून घेतात, दर तीन महिन्यांनी, त्यामुळे ती पूर्वीपेक्षा बरीच विश्वासार्ह झालीये, फक्त थोडी जुनी असते.

आकडा असतो एका रेसिडेंटमागे दिवसाला किती तास. हा आकडा डोक्यात बसत नाही म्हणून असं करा: २४ ला त्या तासांनी भागा. सीएनएचे तास २.४ असतील तर दिवसभराच्या सरासरीने एका सीएनएमागे दहा जण. दिवसा त्याहून कमी, रात्री त्याहून जास्त. १.८ असतील तर तेरा-चौदा. त्या दहांपैकी चार-पाच जणांना उठवायला, अंघोळ घालायला, भरवायला माणूस लागतो आणि काहींना लिफ्टने उचलायला दोन माणसं लागतात, हे डोळ्यांसमोर आणलं की आकड्याचा अर्थ कळतो.

किती तास पुरेसे? २००१ मध्ये सरकारसाठी झालेल्या एका मोठ्या अभ्यासात एकूण ४.१ तासांच्या खाली गेलं तर लाँग स्टे रेसिडेंट्सची आबाळ होते असं निघालं होतं. २०२४ मध्ये सरकारने किमान ३.४८ तास, त्यात आरएनचे (रजिस्टर्ड नर्स) ०.५५ आणि सीएनएचे २.४५, असा नियम काढला होता, पण तो लागू व्हायच्या आधीच २०२५ मध्ये टेक्सासच्या फेडरल कोर्टाने रद्द केला. म्हणजे देशभर लागू असा तासांचा किमान आकडा नाही, काही राज्यांचे स्वतःचे आहेत. फेडरल नियम एवढाच की आरएन दिवसातून सलग आठ तास हवी आणि लायसन्स्ड नर्स (आरएन किंवा एलपीएन) चोवीस तास. तरी ४.१ आणि ३.४८ हे दोन आकडे आपल्याला मोजपट्टी म्हणून उपयोगी पडतात.

आरएनचा आकडा बघताना एक लक्षात ठेवा, त्यात डायरेक्टर ऑफ नर्सिंग आणि ऑफिसचं काम करणाऱ्या आरएनचे तासही धरतात, म्हणजे बेडपाशी येणारी आरएन त्याहून कमी. शनिवार-रविवारचे तास वेगळे दिलेत ते आवर्जून बघा, आठवड्यात ठीक आणि वीकेंडला एकदम खाली अशी ठिकाणं सापडतात. आणि टर्नओव्हर, म्हणजे वर्षात किती टक्के नर्सिंग स्टाफ सोडून गेला, किती अ‍ॅडमिनिस्ट्रेटर बदलले. ज्या बाईला माहीत आहे की आजींना डावी बाजू दुखते, त्या गोळी जिभेखाली लपवतात, त्यांना चहा कोमट लागतो, ती बाई टिकली पाहिजे. डिमेन्शियात तर माणूस दर आठवड्याला नवे चेहरे बघून घाबरतो.

पायरी ४: क्वालिटी मेजर्स, सावधपणे

इथे जखमा, पडणं, वजन घटणं, कॅथेटर, परत हॉस्पिटलमध्ये जावं लागणं, असे टक्के असतात. जे बिलांवरून काढतात, उदाहरणार्थ परत हॉस्पिटल किंवा इमर्जन्सीत जाणं, ते जास्त भरवशाचे. जे नर्सिंग होम स्वतः भरतं ते जपून. आरोग्य खात्याच्या इन्स्पेक्टर जनरलने २०२५ मध्ये तपासलं तर पडून गंभीर इजा होऊन हॉस्पिटलमध्ये गेलेल्या मेडिकेअर रेसिडेंट्सपैकी ४३ टक्के वेळा नर्सिंग होमने ते पडणं कळवलेलंच नव्हतं. म्हणजे पडण्याचा आकडा फार कमी दिसला तर त्याने निर्धास्त होऊ नका.

अँटीसायकोटिक औषधांचा आकडा मात्र नक्की बघा. डिमेन्शियाच्या वयस्कर पेशंटमध्ये या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो अशी सगळ्यात कडक इशारा-चौकट एफडीए या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने २००५ मध्ये घातलीये, तरी माणूस कमी असला की शांत ठेवायला ती दिली जातात. स्किझोफ्रेनिया असलेले लोक या मोजणीतून वगळतात, त्यामुळे काही ठिकाणी तसं निदानच चिकटवलं जायचं, २०२३ पासून सरकार त्याचं ऑडिट करतं. आईच्या चार्टमध्ये असं नवीन निदान कधी दिसलं तर कोणत्या डॉक्टरने, कशावरून लिहिलं ते लगेच विचारा.

पायरी ५: मालक कोण

केअर कंपेअरवर मालकी आणि कुठल्या चेनचा भाग आहे ते दिसतं. बहुतेक नर्सिंग होम्स नफ्यासाठी चालतात, सरासरी बघितली तर ना-नफा ठिकाणी स्टाफ जास्त असतो, पण सरासरीवरून एका बिल्डिंगबद्दल काही ठरवू नका. त्याच चेनची आजूबाजूची दोन-तीन ठिकाणं उघडून बघा, सगळीकडे तेच ठपके असतील तर दोष वरून येतोय. नुकतीच मालकी बदलली असेल तर जुने चांगले तारे जुन्या मालकाचे आहेत.

पायरी ६: स्वतः जा, एकदा सांगून, एकदा न सांगता

सांगून जाल तेव्हा मार्केटिंगवाली बाई फिरवेल, जिम दाखवेल, ठीक आहे. दुसऱ्यांदा रविवारी संध्याकाळी जेवणाच्या वेळेला जा. नुसतं नाक आणि कान उघडे ठेवा. एखाद्या खोलीपाशी वास येणं साहजिक आहे, पण पूर्ण कॉरिडॉरभर लघवीचा वास, किंवा तो झाकायला मारलेला उग्र फ्रेशनर, म्हणजे बदलायला माणूस नाही. कॉल लाइट लागलेला दिसला की घड्याळ बघा, तो विझेपर्यंत किती वेळ गेला, आणि विझवणाऱ्याने काम केलं का नुसता विझवून गेला. पाण्याचा ग्लास हाताला येईल असा आहे का पलीकडच्या टेबलवर. लोकांची नखं, केस, चष्मे, कानातली मशीन. स्वतः खाऊ न शकणाऱ्यांना कोणी शेजारी बसून भरवतंय का, की ट्रे ठेवून गेलेत आणि अर्ध्या तासाने तसाच उचलतायत. नर्सेस स्टेशनसमोर व्हीलचेअरवर मान टाकून झोपलेल्यांची रांग आहे का. सीएनए रेसिडेंटशी बोलते की त्यांच्या डोक्यावरून दुसऱ्या सीएनएशी.

त्या दिवशीचा स्टाफ किती, रेसिडेंट किती, हे दर शिफ्टला सगळ्यांना दिसेल असं लावायचा नियम आहे. तो कागद शोधा, तारीख आजची आहे का बघा, फोटो काढा. मग कॉरिडॉरमध्ये एखाद्या सीएनएला अगदी साधेपणाने विचारा, आज तुझ्याकडे किती जण आहेत? ती जो आकडा सांगेल तो कागदाशी जुळतो का. तिथे भेटायला आलेल्या कोणाच्या मुली-मुलांशी बोला, पार्किंगमध्ये लोक मोकळेपणाने बोलतात.

ऑफिसमध्ये विचारायचे माझे प्रश्न हे: त्याच रेसिडेंट्सना रोज तीच सीएनए मिळते का? एजन्सीचा (बाहेरून तात्पुरता आणलेला) स्टाफ किती वापरता? रात्री आणि वीकेंडला बिल्डिंगमध्ये आरएन असते का फोनवर? डॉक्टर प्रत्यक्ष किती वेळा येतो? जखमांसाठी वुंड नर्स आहे का? पडल्यावर घरच्यांना किती वेळात फोन करता? आणि रिपोर्टमधला एक ठपका नाव घेऊन विचारा, तुमच्या २५६७ मध्ये एफ ६८६ आला होता, त्यानंतर काय बदललं? चांगला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर सरळ सांगतो की हे झालं होतं, आम्ही असं असं केलं. जो चिडतो किंवा ते जुनं आहे हो म्हणून विषय बदलतो तिथे मी माझ्या माणसाला ठेवणार नाही.

लाइट गेल्यावर काय करता हेही विचारा, लोकांना हा प्रश्न सुचत नाही. २०१७ मध्ये इर्मा वादळानंतर फ्लोरिडातल्या हॉलिवूड शहरातल्या एका नर्सिंग होमचा एसी बंद पडला, हॉस्पिटल अगदी जवळ असूनही वेळेवर हलवलं नाही, आणि उकाड्याने बारा जण गेले. जनरेटरवर नुसते दिवे चालतात की हवा थंड किंवा गरम ठेवणारी सिस्टीमही, स्पष्ट विचारायचं.

आपल्या लोकांसाठी भाषा आणि जेवण

हा सेफ्टीचाच भाग आहे म्हणून वेगळा लिहितेय. डिमेन्शिया वाढला की बऱ्याच जणांचं नंतर शिकलेलं इंग्रजी आधी जातं आणि मराठी राहते. आजी 'पोटात कळ येतेय' म्हणाल्या आणि सीएनएला वाटलं उगाच ओरडतायत, तर दुखणं कळायच्या आधी शांत करायची गोळी येते. रेसिडेंटला समजेल अशा भाषेत माहिती देणं त्यांचं काम आहे, फोनवरचा दुभाषा वापरता का आणि शेवटचा कधी वापरला ते विचारा. एक मोठा कागद करून बेडपाशी लावा: दुखतंय, पाणी, बाथरूम, थंडी वाजते, मुलीला फोन करा, मराठीत आणि इंग्रजीत, इंग्रजी अक्षरांत उच्चारासकट. जेवणात धार्मिक आणि सांस्कृतिक गरजांचा विचार करायचा असा फेडरल नियम आहे, पण प्रत्यक्षात शाकाहारी म्हणजे उकडलेल्या भाज्या आणि चीज सँडविच एवढंच निघू शकतं, आणि मग वजन उतरतं. अ‍ॅडमिट होण्याआधी डाएटिशियनशी बोला, आठवड्याचा मेनू मागा, घरचा डबा आणला तर ठेवायला-गरम करायला सोय आहे का विचारा, आणि दर आठवड्याला वजन किती ते विचारत राहा.

पायरी ७: ऑम्बड्समनला फोन करा

प्रत्येक राज्यात लाँग टर्म केअर ऑम्बड्समन असतो, ओल्डर अमेरिकन्स अ‍ॅक्टखाली, रेसिडेंट्सच्या बाजूने भांडायला, फुकट. ते नर्सिंग होम्समध्ये नियमित जातात. अमुक ठिकाण चांगलं की वाईट असं सरळ सांगणार नाहीत, पण कुठल्या प्रकारच्या तक्रारी येतात, मॅनेजमेंट ऐकतं का, असं विचारलं तर उपयोगी उत्तर मिळतं. नंबर नर्सिंग होमच्या भिंतीवर लावलेला असलाच पाहिजे.

सही करताना

कागदांचा गठ्ठा देतील आणि इथे-इथे सही करा म्हणतील. गठ्ठा घरी नेऊन वाचा. त्यात आर्बिट्रेशनचा करार (वाद कोर्टाऐवजी लवादापुढे न्यायचा) असेल तर सही करणं ऐच्छिक आहे, तो केला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, चुकून केला तरी ३० दिवसांत मागे घेता येतो. काही वाईट घडलं तर कोर्टात जायचा हक्क त्याने जातो, म्हणून मी तरी करू नका असंच सांगेन. दुसरं, मुलाने किंवा मुलीने स्वतःच्या खिशातून पैसे द्यायची हमी घेतलीच पाहिजे अशी अट घालणं बेकायदेशीर आहे. पॉवर ऑफ अटर्नी (आईबाबांच्या वतीने सही करायचा कायदेशीर अधिकार) असेल तर सही करताना नावापुढे तसं स्पष्ट लिहा.

ठेवल्यानंतर पहिले काही आठवडे

सुरुवातीचा केअर प्लॅन ४८ तासांत तयार व्हायला हवा आणि त्याचा सारांश तुम्हाला मिळायला हवा, मागून घ्या. पहिल्याच दिवशी नर्सबरोबर उभं राहून पूर्ण त्वचा बघा, टाचा, माकडहाड, कोपर, आणि आधीपासून काही असेल तर तारखेसकट नोंदवायला लावा, म्हणजे नंतर ही जखम घरूनच आली होती असं कोणी म्हणू शकत नाही. औषधांची यादी हॉस्पिटलच्या यादीशी एकेक करून ताडा. रेसिडेंटची हरकत नसेल तर घरच्यांना कुठल्याही वेळी भेटता येतं, 'व्हिजिटिंग अवर्स संपले' हे उत्तर घरच्यांना देता येत नाही, तेव्हा वेळा बदलून बदलून जा, आणि भावंडांत वाटून घ्या. खोलीत कॅमेरा लावायचा असेल तर टेक्सास, इलिनॉयसारख्या काही राज्यांत तसा कायदा आहे, त्यात रूममेटची संमती लागते, आपल्या राज्याचं बघून घ्या. फॅमिली काउन्सिल (रेसिडेंट्सच्या घरच्यांचा गट) असेल तर त्यात जा, नसेल तर सुरू करायचा हक्क घरच्यांना आहे आणि नर्सिंग होमला त्यासाठी जागा द्यावी लागते.

काही बिघडतंय असं वाटलं तर आधी चार्ज नर्स, मग डायरेक्टर ऑफ नर्सिंग, तेही लेखी, ईमेलवर, तारीख-वेळ-नावासकट. दोन-तीन दिवसांत हललं नाही तर ऑम्बड्समन आणि राज्याच्या हेल्थ डिपार्टमेंटकडे तक्रार, ती ऑनलाइन करता येते आणि नाव गुप्त ठेवायला सांगता येतं. जखम, अचानक गुंगी, न सांगितलेला मार लागल्याची खूण, यात मात्र दोन-तीन दिवस थांबू नका, त्याच दिवशी तक्रार करा आणि गरज वाटली तर स्वतः ९११ लावून हॉस्पिटलमध्ये न्या, त्यासाठी नर्सिंग होमची परवानगी लागत नाही. तिथून परत त्याच जागी पाठवायचं की दुसरीकडे, हे तेव्हा डिस्चार्ज प्लॅनरला सांगायचा हक्क परत तुमच्याकडे येतो, आणि तोपर्यंत दुसऱ्या-तिसऱ्या नंबरच्या नर्सिंग होमचा २५६७ तुमचा वाचून झालेला असला तर निर्णय तासाभरात होतो.